कार्यशाळेनंतरचा अभिप्राय : 'खूप छान होती' याच्या पुढे कसं जायचं?

डाखकाम
नमस्कार मंडळी. मी विद्यार्थ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्सची दोन दिवसांची प्रात्यक्षिक कार्यशाळा घेतो. पहिल्या दिवशी सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग बोर्डाला जोडणं, दुसऱ्या दिवशी त्याच बोर्डावर छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी चिप) बसवून सेन्सर चालवायचा. शेवटी नेहमीचा फॉर्म असतो : कार्यशाळा कशी वाटली, शिकवणं कसं होतं, साहित्य पुरेसं होतं का, १ ते ५ मध्ये गुण द्या. खाली 'सूचना' लिहिलेली एक रिकामी चौकट.

फॉर्म सगळेच भरतात. चारच्या खाली सहसा कोणी उतरत नाही. चौकटीत 'खूप छान' किंवा 'वेळ वाढवावा'. पण गोळा केलेले बोर्ड भिंगाखाली धरले की चित्र वेगळं दिसतं. मागच्या तुकडीतल्या एका मुलीच्या बोर्डावर रेझिस्टरचे सगळे जोड मोत्यासारखे गोल फुगलेले आणि मातकट होते. सोल्डर रेझिस्टरच्या पायाला चिकटलं होतं, खालच्या पॅडला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला, धरलंच नव्हतं. म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक पॅड आणि पाय दोन्हींना टेकवून आधी तापवायचं असतं, ते झालंच नाही. सोल्डरची तार टोकावरच वितळवून वरून थेंब सोडलेला. बोर्डाला टाचलेल्या फॉर्मवर मात्र सगळीकडे पाचपैकी पाच.

ती खोटं बोलली असं मला अजिबात वाटत नाही. तिला दोन दिवस खरंच आवडले असणार. पण पुढच्या तुकडीसाठी काय बदलायचं, हे त्या पाचावरून कळत नाही. प्रश्न काय विचारावेत, कधी विचारावेत, उत्तरांचं काय करावं? स्वतः अशा कार्यशाळा घेणाऱ्यांनी आणि त्यांना बसलेल्यांनी, दोघांनीही लिहावं.

खडूफळा
विषय महत्त्वाचा आहे. माझ्या मते पहिली गोष्ट वेळेची. शेवटच्या दहा मिनिटांत विद्यार्थी पिशवी भरत असतो, प्रमाणपत्राची वाट बघत असतो. तेव्हा मिळतो तो निरोपाचा शिष्टाचार.

त्यापेक्षा मधल्या सुट्टीच्या आधी अर्धा कागद द्या. महाविद्यालयीन शिक्षणात ही 'एक मिनिटाचा कागद' पद्धत जुनी आहे. बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स श्वार्ट्झ यांच्या नावाने ती ओळखली जाते. प्रश्न दोनच : आज सगळ्यात महत्त्वाचं काय कळलं, आणि काय अजून उलगडलेलं नाही. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी आपल्या वर्गात दुसऱ्याच प्रश्नावर भर दिला, की आजच्या तासातला सगळ्यात गढूळ मुद्दा कोणता. १९८९ साली त्यांनी या अनुभवावर लिहिलंही आहे.

हाताच्या कामासाठी मी हा प्रश्न थोडा फिरवून घेतो : 'कोणत्या पायरीला हात अडला?' 'काय कळलं नाही' असं विचारलं की मुलांना आपलं अज्ञान कबूल केल्यासारखं वाटतं. हात अडणं सगळ्यांचंच होतं, त्यामुळे लिहायला संकोच वाटत नाही. सुट्टीत कागद वाचून काढा आणि सुट्टीनंतरची पहिली पाच मिनिटं त्यावरच बोला.

आकडेमोड
खडूफळा सरांशी सहमत. गुणांबद्दल मी लिहितो, कारण माझं काम त्यातलं आहे.

'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' ही मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली ती माणसांच्या वृत्ती मोजण्यासाठी. वृत्ती मोजायला ती आजही उपयोगी आहे. कौशल्य मोजण्याचं ते साधन नव्हे, आणि आपण नेमकं तिथेच तिला राबवतो. त्यात वीस-पंचवीस मुलांच्या तुकडीत सरासरी ४.३ वरून ४.५ झाली म्हणजे सुधारणा झाली असं धरणं चूक आहे. दोन मुलं वेगळ्या मूडमध्ये असली तरी एवढा फरक पडतो. सरासरी काढूच नका. किती जणांनी कोणता आकडा दिला ते नुसतं मांडा आणि जे एकटेदुकटे २ किंवा ३ आलेत ते कशामुळे, ते शोधा.

'आवडलं' आणि 'आलं' यांचा संबंध किती कच्चा आहे यावर बरंच संशोधन झालंय. १९७३ साली नाफ्टुलिन, वेअर आणि डोनेली यांनी एका नटाला 'डॉ. फॉक्स' नावाने तज्ज्ञ म्हणून उभं केलं. व्याख्यान मुद्दाम पोकळ आणि परस्परविरोधी विधानांनी भरलेलं, पण बोलणं मोठं रसाळ. समोर मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षणक्षेत्रातली मंडळी. अभिप्राय बहुतांशी चांगलेच आले. पुढे २०१७ मध्ये बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले, तेव्हा ज्या शिक्षकांना विद्यार्थी जास्त गुण देतात त्यांच्याकडे विद्यार्थी जास्त शिकतात असं दिसलं नाही.

डाखकाम, तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा अभ्यास २०१९ सालचा. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला. मजकूर तोच. एका गटाला सफाईदार व्याख्यान, दुसऱ्या गटाला स्वतः गणितं सोडवत, चर्चा करत शिकायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे. पण 'तुम्ही किती शिकलात?' या प्रश्नाला त्याच गटाने स्वतःला कमी गुण दिले. झगडावं लागलं म्हणून त्यांना वाटलं आपल्याला येत नाही.

म्हणजे उद्या तुम्ही मुलांना जास्त वेळ स्वतः चुकू दिलंत तर फॉर्मवरचे आकडे उतरू शकतात आणि बोर्ड सुधारू शकतात. फक्त फॉर्म बघणारा माणूस तो बदल मागे घेईल. त्याच अभ्यासात एक उपायही सुचवलाय : असं वाटणार आहे हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवायचं.

मागचा_बाक
मी विद्यार्थी आहे. अशा दोन-तीन कार्यशाळांना बसलोय, म्हणून लिहितो.

आम्ही खरं का लिहीत नाही? एक तर फॉर्म देऊन प्रमाणपत्र घ्यायचं असतं. कागद ज्यांच्या हातात द्यायचा ते सर समोर उभे असतात आणि त्यांनी दोन दिवस आमच्यासाठी मेहनत घेतलेली आम्ही पाहिलेली असते. अशा माणसाला कोण ३ देईल? आणि तुमच्याकडे तर फॉर्म बोर्डाला टाचलेला, म्हणजे कोणाचा ते उघडच.

दुसरं कारण मोठं आहे. जे सांगायचं असतं त्याचा प्रश्नच फॉर्ममध्ये नसतो. आमच्या टेबलावर तिघांत एक आयर्न होतं. एकाला आधीपासून येत होतं. त्याने पहिला जोड दाखवायला म्हणून आयर्न घेतलं आणि ते त्याच्याच हातात राहिलं. एकजण बोर्ड धरायला, मी तार पुरवायला. आमचा बोर्ड पहिल्या झटक्यात चालला, सरांनी कौतुक केलं. फॉर्मवर प्रश्न होता 'साहित्य पुरेसं होतं का?' मी 'हो' लिहिलं, कारण होतंच. माझ्या हाताने किती जोड झाले, हे कोणी विचारलंच नाही. झालेले जोड : शून्य.

डाखकाम
मागचा_बाक, हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. 'तुझ्या हाताने किती जोड झाले' हा प्रश्न मी उचलतोय. उत्तर आकड्यात येईल, त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही, आणि टेबलावरची वाटणी कशी झाली ते लगेच कळेल.

लाकूडकाम
आमच्याकडे सुतारकामाची कार्यशाळा असते, तिथली पद्धत सांगते. मुळात ती सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यांकडून घेतली. 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री'च्या कार्यशाळांत प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या देतात. काम नीट चाललंय तर एक रंग, अडलं तर दुसरा, लॅपटॉपच्या पाठीवर लावायचा. हात वर करून ताटकळत बसावं लागत नाही, हात कामाला मोकळे राहतात. सुट्टीला जाताना त्याच चिठ्ठ्यांवर लिहायचं, एकीवर चांगलं वाटलेलं, दुसरीवर सुधारण्यासारखं.

आमच्याकडे भुशात चिठ्ठ्या चिकटत नाहीत, म्हणून आम्ही लाल आणि हिरवे ठोकळे केले. मदतीचा भाग सगळ्यांना माहीत असतो. मला जास्त उपयोग होतो नोंदीचा. एक मदतनीस कोपऱ्यात उभा राहून लिहितो : कोणत्या पायरीला किती लाल ठोकळे, आणि किती वेळ. 'पटाशी चालवताना निम्मा वर्ग लाल' हे कोणत्याही फॉर्मने सांगितलं नसतं, कारण संध्याकाळपर्यंत खुर्ची उभी राहिलेली असते आणि सगळे खूश असतात. नोंदीवरून कळलं की मुलं लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने पटाशी मारतायत. आता तो तुकडा मी आधी मुद्दाम उलटा फाडून दाखवते.

फ्लक्स
थोडं तांत्रिक. मूळ धाग्यात 'मातकट' जोडाचा उल्लेख आहे. बोर्ड तपासून शिकवण्याचं मूल्यमापन करणार असाल तर चकाकीवर जाऊ नका. शिसं असलेलं सोल्डर वापरत असाल तर चांगला जोड चकचकीत दिसतो. शिसेविरहित सोल्डरचा उत्तम जोडही बऱ्याचदा फिकट, किंचित खरबरीत दिसतो. बघायचं ते हे : सोल्डर पॅडवर पसरून कडेला पातळ झालंय का, पायाभोवती आत वळलेला उतार आहे का, शेजारच्या जोडाशी पूल झालेला नाही ना. तुम्ही सांगितलेला फुगीर गोळा मात्र कोणत्याही सोल्डरमध्ये वाईटच. प्रत्येक बोर्डावरचे तेच ठरलेले पाच जोड बघा, म्हणजे दोन तुकड्यांची तुलना करता येईल.

वर्गाबाहेर
चर्चा वाचली. थोडा विरोध नोंदवते.

'आवडलं का' या प्रश्नाला इथे फारच खाली ढकललं जातंय. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या : प्रतिक्रिया, शिकणं, वागणुकीतला बदल, आणि अंतिम परिणाम. प्रतिक्रिया पहिलीच आहे, आणि ती फेकून द्यायची नाही. ज्या मुलीला तापलेल्या आयर्नची भीती वाटली, किंवा बोट भाजल्यावर कोणी हसलं, ती पुन्हा आयर्न हातात धरणार नाही. तिचे जोड त्या दिवशी उत्तम आले असले तरीही! भीती, लाज, कंटाळा, थकवा यांची चौकशी व्हायलाच हवी. फक्त 'कार्यशाळा कशी वाटली' इतकं मोघम न विचारता 'कोणत्या क्षणी इथून उठून जावंसं वाटलं?' असं विचारा. कोणत्या क्षणी सगळ्यात रंगून गेलात, हेही विचारा. शिक्षणतज्ज्ञ स्टीफन ब्रुकफील्ड यांची प्रश्नावली याच धर्तीची आहे, ती क्षणांबद्दल विचारते. क्षण विचारला की माणूस आठवून लिहितो. मत विचारलं की शिष्टाचार लिहितो.

शिवाय बऱ्याच संस्थांना गुणांचा फॉर्म दफ्तरी लागतोच. तो तीन प्रश्नांचा ठेवा आणि आपलं काम वेगळ्या कागदावर करा.

आकडेमोड
वर्गाबाहेर यांचा मुद्दा मान्य, 'उठून जावंसं वाटलं' हा प्रश्न मी वापरणार.

आधी-नंतरच्या तुलनेतला एक खड्डा दाखवतो, कारण पुष्कळ जण त्यात पडतात. सकाळी विचारलं, 'सोल्डरिंग किती येतं?' मुलगा ४ लिहितो, कारण तार वितळली की जोड झाला अशी त्याची समजूत. संध्याकाळी त्याला चांगला जोड म्हणजे काय ते कळलेलं असतं, म्हणून तो स्वतःला ३ देतो. कागदावर दिसतं की कार्यशाळेने त्याचं कौशल्य घटवलं! त्याची मोजपट्टीच बदलली. जॉर्ज हॉवर्ड यांनी १९७९ च्या सुमारास हे दाखवलं आणि उपायही दिला : दोन्ही प्रश्न शेवटीच विचारा. 'आज सकाळी तुला किती येत होतं असं आता वाटतं? आणि आता किती येतं?' हे उत्तरही स्वतःबद्दलचंच आहे, तेव्हा त्याच्या शेजारी बोर्ड ठेवूनच वाचायचं.

डाखकाम
बोर्ड आणि कागद एकत्र वाचायचे तर ते एकमेकांशी जोडलेले हवेत, आणि नाव नको. हे कसं साधता?

आकडेमोड
मुलांनी स्वतः निवडलेलं चिन्ह किंवा चार आकडे. तेच बोर्डाच्या मागे, तेच सगळ्या कागदांवर. यादी कोणाकडेच नाही. पण लहान तुकडीत अक्षर ओळखू येतं हे लक्षात ठेवा. म्हणून कागद गोळा करणारा आणि टंकून देणारा माणूस दुसरा असावा, आणि प्रमाणपत्रं कागद घेण्याच्या आधी वाटावीत.

खडूफळा
अक्षराच्या अडचणीवर आणखी एक मार्ग आहे, वेळ लागतो पण फळ चांगलं मिळतं. पहिल्या दिवसाच्या शेवटी शिक्षकाने खोलीबाहेर जायचं. त्या तुकडीला न शिकवणारा सहकारी आत येतो, मुलांना चार-पाचच्या गटांत बसवतो. शिकायला मदत कशाची होते, अडथळा कशाचा, आणि काय बदलावं. आधी गटात बोलणं, मग सगळ्यांसमोर मांडणं. ज्यावर बहुतेकांचं एकमत होतं तेवढंच फळ्यावर राहतं आणि तेवढंच शिक्षकाला कळतं, कोण बोललं ते नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोसेफ क्लार्क यांनी ही पद्धत रुजवली. एका मुलाची आरडाओरड आणि सगळ्यांची खरी अडचण यांतला फरक इथे आपोआप कळतो.

तिसऱ्या पातळीबद्दल, म्हणजे पुढे वागणुकीत काय उरलं याबद्दल : दीड-दोन महिन्यांनी सगळ्यांना संदेश पाठवला तर ज्यांनी नंतर काही बनवलं तेच उत्साहाने उत्तर देतात आणि आपल्याला वाटतं सगळेच बनवतायत. यादीतून डोळे मिटून पाच-सहा नावं काढा आणि फोनच करा. 'त्यानंतर आयर्न हातात घेतलं का? नाही तर का नाही?' या 'का नाही' मध्ये फार माल असतो. आयर्नच जवळ नाही, कुठलं घ्यावं कळत नाही, पहिला प्रयोग काय करावा सुचत नाही. यातलं बरंचसं कार्यशाळेच्या शेवटच्या तासात सोडवता येतं.

मागचा_बाक
एक राहिलं. आम्ही लिहिलेल्याचं पुढे काय झालं ते सांगा. फॉर्म भरला की तो कुठे गेला, कोणी वाचला का, काही कळत नाही. मग पुढच्या वेळी कोण डोकं लावून लिहील? एका कार्यशाळेत सकाळच्या चिठ्ठ्या वाचून मॅडम म्हणाल्या, 'सात जणांनी लिहिलंय की पडद्यावरचा कोड वाचता येत नाही. अक्षर मोठं केलंय. तिघांनी वेग कमी करा म्हटलंय, चौघांनी वाढवा म्हटलंय, म्हणून वेग तोच ठेवते आणि लवकर होणाऱ्यांना जादा काम देते.' जे केलं नाही त्याचंही कारण दिलं. संध्याकाळच्या चिठ्ठ्या मग सगळ्यांनी भरभरून लिहिल्या, मी दोन्ही बाजूंनी लिहिली.

लाकूडकाम
याला जोरदार अनुमोदन.

डाखकाम
सगळ्यांचं वाचून पुढच्या तुकडीसाठी असं ठरवतोय. पहिल्या दिवशी लाल-हिरवे ठोकळे आणि पायरीवार नोंद. मधल्या सुट्टीआधी अर्धा कागद : 'कोणत्या पायरीला हात अडला? आतापर्यंत तुझ्या हाताने किती जोड झाले?' सुट्टीनंतर त्यावर उत्तर. टेबलावर आयर्न एकच असलं तर जोडांची वाटणी आधीच ठरवून, बोर्डावर खुणा करून देणार. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर चिन्हाचा कागद : सकाळचं-आताचं, उठून जावंसं वाटलेला क्षण, रंगून गेलेला क्षण. दफ्तराचा फॉर्म वेगळा. बोर्डावरचे पाच जोड फ्लक्स यांच्या कसोटीने.

एकच अडलंय. 'वेळ वाढवावा' हे उत्तर येतच राहणार, आणि वेळ वाढवणं माझ्या हातात नाही.

वर्गाबाहेर
मग प्रश्नातच ते बांधा. 'ही कार्यशाळा तेवढ्याच वेळात पुन्हा घ्यायची आहे. कोणता भाग कापाल आणि तो वेळ कशाला द्याल?' कापायला लावलं की खरी पसंती बाहेर येते. आणि एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. 'शिकवणं स्पष्ट आणि रंजक होतं का' याला आलेला ३ कशाचा, ते कोणालाच सांगता येत नाही.

आकडेमोड
आलेले कागद 'चांगले' आणि 'वाईट' असे वेगळे करू नका, पायरीवार गठ्ठे लावा. तार सोलणं, टोक स्वच्छ करणं, पॅड तापवणं, मायक्रोकंट्रोलर बसवणं. कौतुक असो की तक्रार, ज्या पायरीबद्दल आहे त्या गठ्ठ्यात. सगळ्यात जाड गठ्ठा आणि लाल ठोकळ्यांची नोंद एकाच पायरीकडे बोट दाखवत असतील तर तिथे हात घाला. एका तुकडीत एक किंवा दोनच बदल करा. एकदम आठ बदललेत तर बोर्ड सुधारले तरी कशामुळे ते कळणार नाही.

फ्लक्स
पाच जोडांची तपासणी मुलांकडूनच करून घ्या. शेजारच्या टेबलाचा बोर्ड, भिंग, आणि चांगल्या-वाईट जोडांचं एक चित्र. दुसऱ्याच्या जोडातली खोट दिसली की स्वतःची लगेच ओळखू येते. तुम्ही नंतर त्यातले काही बोर्ड पुन्हा तपासा. मुलांचा आणि तुमचा निकाल जुळत नसेल तर चांगला जोड कसा दिसतो हेच नीट पोचलेलं नाही.

डाखकाम
हे फार पटलं, पहिल्या दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात बसवतो. लाकूडकाम, ठोकळ्यांची नोंद ठेवायला कोणाला बसवता? माझ्याकडे मदतीला जुन्या तुकडीतले दोघे आहेत, दोघांनाही सोल्डरिंग उत्तम येतं.

लाकूडकाम
त्या दोघांना नोंदीवर बसवू नका. ज्याला काम येतं तो लाल ठोकळा दिसला की धावत जाऊन मदत करतो आणि वही कोरी राहते. विषय अजिबात न येणारा कोणीतरी बसवा, त्याच्या हातात पायऱ्यांची छापील यादी आणि घड्याळ द्या. आम्ही दर पाच मिनिटांनी फक्त लाल ठोकळे मोजतो आणि तेव्हा फळ्यावर कोणती पायरी चालू आहे ते लिहितो. तेवढं पुरतं.